वाकळीची सुई आणि खालचं बोट

मित्रांनो, दुसऱ्याच्या हातातलं काम "राहू द्या, मी करते" म्हणून काढून घेणाऱ्या माणसाचा मला भारी राग येतो. आमच्या घरची सून प्रमोदिनी अशीच. पोर मायाळू, कामाला वाघीण, वर मॅट्रिक पास. पण सासूच्या हातातला पेला ती मांजराने दूध पळवावं तसा पळवायची. तिच्या ह्या वागण्यापायी मी बिस्किटाच्या डब्यात तुटक्या बटणांशेजारी पडून राहिले. मी! जिच्या टाक्यांच्या वाकळी आमच्या अर्ध्या कळंबा गावाने पांघरल्या, ती मी!

मी वाकळीची सुई. सदऱ्याला बटण लावणारी नाजूक सुई नव्हे. बोटाएवढी लांब, अंगाने दणकट आणि दोरा ओवायचं नेढं रुंद. कुठल्याशा कारखान्यात तारेचा तुकडा पाडला, एक टोक घासलं, दुसऱ्याला भोक पाडलं आणि मला जन्माला घातलं. नेसरीच्या बाजारात मणी-फण्या विकणाऱ्या बाईच्या पाटीत मी होते. तिथून धोंडुबाईंनी, म्हणजे पुढे प्रमोदिनीची सासू झालेल्या बाईंनी, मला उचललं. साल एकोणीसशे एकसष्ट. त्यांनी मला उजेडात धरून पाहिलं, मग डोळे मिटून अंगठ्यावर घासलं, आणि म्हणाल्या, "ही चालंल." नुसतं बघून सुई घेणारी बाई ती नव्हे.

धोंडुबाई शाळेत दुसरीपर्यंत गेल्या. मी तेवढीही नाही. पण आम्ही दोघी जे शिकलो ते सांगते, ऐका.

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक पसरून हाताने शिवलेलं पांघरूण. ती शिवायला दोन्ही हात लागतात. उजवा हात मला वरून खुपसतो. डावा हात वाकळीच्या पोटाखाली असतो, कुणाला दिसत नाही. तिथे एक बोट माझी वाट बघत बसलेलं असतं. माझं टोक लागलं की ते बोट मला वर ढकलतं, आणि टाका पडतो. वरची ओळ सरळ आहे का, ते डोळा बघतो. सगळे थर शिवले गेले का, ते खालचं बोट सांगतं. दोघांचे निरोप डोक्यात मेंदूकडे जातात. मेंदू घरच्या कारभारणीसारखा आहे. दोघांचंही ऐकून घेतो, पण ज्याची खात्री जास्त त्याच्या शब्दाला वजन देतो. लख्ख उजेडात डोळ्याला मान. अंधारून आलं की बोटाला. आणि हे सगळं टाका पडायच्या आत उरकतं!

बारा-तेरा वर्षं आम्ही असं राज्य केलं. बायका वाकळ बघायला येत आणि त्यावरून पालथा हात फिरवत. टाका कुठे टोचला नाही की म्हणत, "धोंडुबाई, हात हाय का लोणी?" धोंडुबाई म्हणत, "लोणी तुमच्या घरात. हितं हात हाय." मला काही कुणी विचारलं नाही. तरी मी फुगायचे.

मग धोंडुबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी दोरा ओवायला दुसऱ्याचे डोळे लागले, मग कापडाचा रंगच तेवढा दिसू लागला. पण नजर जसजशी मंदावली, तसतसं खालचं बोट शहाणं होत गेलं. आमची ओळ थोडी वाकडी झाली, मोडली मात्र नाही.

सत्त्याहत्तर साली दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि जाड भिंगांचा चष्मा आला. तो देताना डॉक्टर म्हणाले, "आजी, आता वस्तू मोठी दिसेल आणि जवळ दिसेल. हात चुकेल. चुकू दे. चुकत-चुकतच मेंदू नवं अंतर शिकतो." धोंडुबाईंचा निम्मा जीव चष्म्याच्या काड्यांत अडकला होता. प्रमोदिनी शेजारी उभी होती. तिने 'हात चुकेल' एवढं पक्कं ध्यानात ठेवलं. 'चुकू दे' हे काही तिच्या कानात शिरलं नाही.

घरी तेव्हा धोंडुबाईंची लेक शालू पहिल्या बाळंतपणाला आली होती. बाळाला आजीच्या मऊ लुगड्याची वाकळ घालायची, ही रीत. बारशाच्या आत ती व्हायला हवी. धोंडुबाई मोठ्या थाटात चष्मा लावून बसल्या आणि मला हातात धरलं.

काय सांगू! बोट म्हणत होतं टाका ठीक आहे. डोळा म्हणत होता, छे, केवढा मोठा! धोंडुबाईंनी डोळ्याचं ऐकलं आणि टाके बारीक, आणखी बारीक घेतले. कापडाला चुण्या पडल्या. एक टाका चुकला आणि मी खालच्या बोटात रुतले. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं रक्त पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रागाने चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "मोतीबिंदूत शिवत हुतो, तसंच शिवतो." पण ऑपरेशननंतर चष्म्याशिवाय समोर नुसतं धुकं. मोतीबिंदूत रंग तरी वेगळे दिसायचे, आता तेही एकमेकांत मिसळून गेले. बोटाने आपलं काम चोख केलं. थर लागले, टाके लागले. धोंडुबाई उठायला गेल्या, तर वाकळ त्यांच्याबरोबर उठली. बोटाला थर कळतात, कुणाचं लुगडं ते कळत नाही. आम्ही वाकळ त्यांच्या नेसत्या लुगड्यालाच शिवली होती!

शालू बाजेवर पोट धरून हसली. "आई, वाकळ नेसून बारशाला जातीस व्हय?"

प्रमोदिनी हसली नाही. ते मला जास्त लागलं. तिने टाके कापले, वाकळीची घडी केली आणि हळू आवाजात सासूला म्हणाली, "आत्याबाई, आता बास. हात गेलाय तुमचा. बाळाला बाजारातनं दुपटं आणू."

मला डब्यात टाकून तिने डबा फळीवर ठेवला. झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून फटीतून मला सगळं दिसायचं. त्या दिवसापासून धोंडुबाई चहाच्या कपाकडे हात न्यायच्या, तर हात कपाच्या अलीकडेच मिटायचा. आणखी एकदा करू म्हणेपर्यंत प्रमोदिनी कप हातात द्यायची. शेंगा फोडायला घेतल्या की "राहू द्या." तांदूळ निवडायला घेतले की "मी करते." सव्वा महिना असा गेला. डोळा रोज नवं बघत होता. पण हात काही करतच नव्हता, तर आपण कुठे चुकलो हे मेंदूला कळावं कसं? धोंडुबाई गप्प बसू लागल्या. ती बाई गप्प बसली की समजा, घर अर्धं झालं.

मग आषाढात प्रमोदिनीच्या आईला ताप आला आणि ती गगनबावड्याला माहेरी गेली. दोन दिवसांत येते म्हणाली. तिकडे घाटमाथ्यावर पाऊस असा कोसळला की एसटी बंद. अकरा दिवस झाले तरी ती आली नाही.

त्या अकरा दिवसांत आमच्या घरात दोन कप फुटले, एक भाकरी चुलीच्या बाहेर पडली आणि धोंडुबाईंच्या तोंडून ज्या शिव्या निघाल्या त्या मी मुलांना सांगणार नाही. शालूचा नववा महिना भरत आला होता. ती बाजेवरून नुसती ओरडायची, "आई, अजून पुढं! पुढं हाय तांब्या!" हात कमी पडायचा, डोळा ते बघायचा, हात पुढे जायचा, आणि तांब्याचा गार काठ बोटांना लागायचा. बघितलेलं आणि लागलेलं असं पुन्हा-पुन्हा एका ठिकाणी आलं. पाचव्या दिवशी शेंगा टोपलीतच पडू लागल्या. आठव्या दिवशी धोंडुबाई फळीखाली उभ्या राहिल्या, चष्मा सावरला, हात वर केला, आणि पहिल्याच झटक्यात डबा धरला.

मित्रांनो, मी अंगाने थोडी गंजले होते. त्यांनी मला चुलीतल्या राखेने घासलं. मग तीच अर्धी राहिलेली वाकळ घेऊन आम्ही बसलो. वर डोळा, खाली बोट. चार ओळींनंतर दोघांचं जमलं. टाका बोटाला जेवढा लागत होता, तेवढाच आता डोळ्यालाही दिसत होता.

प्रमोदिनी परत आली तेव्हा शालूला मुलगी झाली होती आणि वाकळ जवळजवळ पुरी होती. तिने वाकळीवरून पालथा हात फिरवला. हात चुण्यांच्या पहिल्या ओळीवर थांबला.

"एवढी वळ उसवू का, आत्याबाई?"

"हात लावू नगंस. ती माझी शाळा हाय."

मी तुमच्याकडे एवढंच मागेन, मुलांनो: सुई काम झालं की रिळात टोचून ठेवा, डब्यात फेकू नका. आणि माणसाचा हातही तसाच, वापराल तर चकाकेल, जपून ठेवाल तर गंजेल.

बारशाच्या सकाळी एक कोपरा तेवढा उरला होता. आमच्या घरी शेवटचे टाके सुनेने घालायचे असतात. धोंडुबाईंनी मला प्रमोदिनीच्या हातात दिलं. मॅट्रिक झालेली ती पोर मला खराट्याच्या काडीसारखी धरून बसली. पहिला टाका तिरका गेला. दुसऱ्याला मी तिच्या खालच्या बोटात घुसले. तिने "आई गं!" केलं आणि बोट तोंडात घातलं.

शालू बाळाला घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आई, तू घे की गं तिच्या हातातनं. येळ व्हायलाय."

धोंडुबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. सुनेकडे चष्म्यातून नीट बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पमे, तुझी माया लई, पर तू मायेनंच माझा हात बांधून ठेवलास. डोळं डाक्टरनं दिलं. हात माझा मला चुकत-चुकत परत आणावा लागला. आता तुझा चुकू दे. बारसं थांबंल, पर मी सुई काढून घेनार न्हाय."