डावा कोपरा

संध्याने मिठाचं तिसरं घमेलं मातीत उलटं केलं, तेव्हा प्रविण धावत आला.

“ओ ताई, बागेत मीठ? झाडं लावायला आलात की मारायला?”

“आईच्या गावात मैदान असंच करायचे. मीठ घातलं की धूळ उडत नाही.”

रोह्याच्या पुष्पप्रदर्शनात यंदा बागेसाठी विषय होता, खेळ. शेजारी हिरवळीवर झेंडूची बॅट उभी राहत होती. संध्याने कबड्डी घेतली. जागा अर्ध्या मैदानापुरतीच मिळाली, म्हणून एकाच संघाची बाजू आखली. कडेने गडब गावच्या खाजणातून आणलेली मोरसची झुडपं, खाऱ्या मातीतही तग धरणारी. मध्ये नुसती माती.

प्रविण आयोजकांपैकी. माणूस वाईट नव्हता.

“उद्या सकाळी परीक्षक येतायत. मधे थोडं लॉन टाका. नायतर स्पर्धेतून नाव काढावं लागेल.”

“काढा.”

“अहो, पण...”

“जागा मात्र सोडणार नाही.”

तो मान हलवत निघून गेला. मागे प्लास्टिकच्या खुर्चीत तिचे वडील, हिरामण, मांडीवर गुलाबाची कुंडी घेऊन बसले होते. संध्याच्या आईला, चंद्रावतीला, जाऊन चार महिने झाले होते. लेक आईच्या नावाने बाग करतेय हे कळल्यावर ते पेणहून सकाळच्या एसटीने आले होते.

“त्याचं काय चुकलं? फुलं नाय तर बाग कसली?” ते म्हणाले. “अन् लग्नाआधी खेळली असंल दोन-चार वर्षं. आपल्या घरात आल्यावर तिनं कबड्डीचं नाव तरी घेतलं का?”

“घेऊ दिलंत?”

हिरामण कुंडीतलं वाळकं पान खुडत राहिले.

संध्याने लाकडी चोपणं उचललं आणि खळं चोपावं तशी माती चोपायला घेतली. दोन्ही हात दुखेपर्यंत ती थांबली नाही. मग आईच्या नावाची छोटी पाटी घेऊन मैदानात उभी राहिली. आई कुठे उभी राहायची, हे तिने कधी विचारलं नव्हतं, आईनेही सांगितलं नव्हतं. तिने अंदाजाने उजव्या कोपऱ्यात पाटी रोवली.

“तिथं नाय.”

संध्याने मागे पाहिलं. हिरामण उठून रेघेपाशी आले होते.

“डाव्या कोपऱ्यात असायची ती. घोटा धरायची. एकदा धरला की पोरगी कितीबी तगडी असू दे, सुटायची नाय.”

“तुम्ही बघितलंय?”

“वडखळला. लग्नाआधी.” त्यांनी कुंडी दुसऱ्या हातात घेतली. “तीन सामने.”

संध्याने पाटी उपटली आणि डाव्या कोपऱ्यात नेऊन रोवली. पाटीपाशी कुंडी ठेवायला हिरामण वाकले.

“आत नको.”

त्यांनी कुंडी रेघेबाहेर ठेवली. जरा वेळाने चपला काढल्या आणि तिथेच उभे राहिले. संध्या त्यांच्या पायांकडे बघत होती. मग तिने चोपणं त्यांच्यापुढे धरलं.

“हा कोपरा अजून भुसभुशीत आहे,” ती म्हणाली. “तिचा पाय घसरेल. चोपा.”