दोन हेर आणि लहूची होडी

"मी मागे बसणार नाही. माझ्या काँट्रॅक्टमध्ये लिहिलंय," सुशांत म्हणाला.

"मग काँट्रॅक्टलाच बसव ना पुढे. तू घरी जा," गॉगल न काढताच अपूर्वा म्हणाली.

मढच्या खाडीत, लहू कोळ्याच्या होडीत दोघं उभी होती. सिरीजमध्ये दोघंही गुप्तहेर. तो जुना, शिस्तीचा. ती नवी, कुणाच्या बापाचं न ऐकणारी. पाच भाग भांडायचं, सहाव्यात पटायचं आणि देश वाचवायचा. भांडणापुरती तरी दोघांना अ‍ॅक्टिंग करावी लागत नव्हती. आणि मिशन एवढं गुप्त, की युनिटमधल्या चाळीस जणांच्या टी-शर्टवर त्याचं नाव छापलेलं.

लहू इंजिनापाशी उकिडवा बसून पाणी बघत होता. ओहोटी जोरात लागलेली. खाडीबाहेर त्याची डोल, म्हणजे खुंटाला बांधलेलं मोठं जाळं, सकाळपासून भरत होती. चार वाजता पाणी फिरणार. त्याच्या आत डोल उचलली तर मासळी आपली, नाहीतर जाळ्याचं तोंड उलटतं आणि सगळी समुद्राला परत. त्यात खाडीतलं पाणी उतरलं की होडी इथेच चिखलात. कालही शूटिंगपायी डोल राहिली होती. बायको सरूबाई रिकामी टोपली दाखवून म्हणाली होती, "एवढे हिरो आणलेस ना, आता त्यांनाच नेऊन विकते बाजारात."

काठावर डायरेक्टर सुबोधने घड्याळ बघितलं. "दीप्ती, पाणी कमी का होतंय? कॉलशीटवर चारला भरती लिहिलीय."

"मागच्या गुरुवारी चारलाच होती, सर," असिस्टंट दीप्ती म्हणाली. "आज पण गुरुवारच आहे ना."

"समुद्राला वार कळत नाय, मॅडम," लहू म्हणाला.

"असू दे, पाणी आपण व्हीएफएक्समध्ये वाढवू," सुबोध म्हणाला.

"आणि मासळी?" लहूने विचारलं.

तेवढ्यात सुशांतने होडीच्या पुढच्या टोकावर बूट टेकवून पोज घेतली.

"साहेब, बूट खाली घ्या. तिथे आम्ही नारळ फोडतो."

"मी कॅरेक्टरमध्ये आहे."

"मग कॅरेक्टरचा पाय खाली घ्या."

अपूर्वा खुदकन हसली. सुशांतने पाय काढला, पण जागा सोडली नाही. तीही तिथेच घुसली. मग दोघं एकमेकांना कोपराने ढकलायला लागली. होडी हलली आणि तळाला खर्रकन आवाज आला. चिखल.

लहू उठला. त्याने दोर सोडला, बांबू रोवून होडी चिखलातून मोकळी केली आणि इंजिन चालू केलं.

"लहू, अरे शॉट बाकी आहे," काठावरून सुबोध ओरडला.

"तुमचा उद्या पण होईल, सर."

"आणि आम्ही?" अपूर्वाने विचारलं. पहिल्यांदाच दोघं एकाच दिशेला बघत होती.

"बसायचं तर बसा, जाळं ओढायला माणसं लागतातच. नाय तर उडी मारा, गुडघाभरच पाणी आहे. मला आता निघायचंय."