शांततेचा ट्रॅक

पंचमहाभूतांवर अल्बम काढायचं खूळ माझ्या दिराचं. बँडचा गायक तो, आणि रेकॉर्डिंगची हमाली माझी. पृथ्वीसाठी माइक मातीत पुरून झाला, पाण्यासाठी टाकीत बुडवून झाला, वाऱ्यासाठी गच्चीवर टांगून झाला. आज सकाळी अग्नीसाठी पठ्ठ्याने रेकॉर्डिंगच्या बिनखिडकीच्या खोलीत पत्र्याच्या डब्यात लाकडं पेटवली. ठिणग्या उडाल्या.

"भिंतींना स्पंज लावलाय! अक्कल गहाण टाकलीस का?" मी ओरडले. त्याने डब्यात पाणी ओतलं आणि सगळे मलाच हसले.

उरलं आकाश, म्हणजे नुसती शांतता. ती रेकॉर्ड करायला दीर दिवे मालवून त्याच खोलीत एकटा बसला. "काही झालं तरी दार उघडायचं नाही," अशी तंबी देऊन. आम्ही बाहेर हेडफोन लावून ऐकत होतो.

आधी त्याचा श्वास ऐकू आला. मग खोकला. मग बारीक तडतड.

"वहिनी, तुम्ही अग्नीचा ट्रॅक चालूच ठेवलाय," गिटारवाला कुजबुजला. "पण राहू दे, काय भारी मिसळलाय!"

ड्रमरने डोळे मिटून मान डोलावली. तडतड वाढत गेली. खोकला थांबला.

"बघा, कशी तंद्री लागली त्याची," गिटारवाला म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. असली चूक माझ्या हातून होत नाही. अग्नीचा ट्रॅक बंद करायला मी बटणाकडे हात नेला.

तो बंदच होता.