बारावा दाणा

मी सूप बोलतोय. तांदूळ पाखडायचं सूप. दात काढू नका. चाळीस वर्षं अख्खा पाडा माझ्यापुढे हात जोडून बसलाय. तुमच्यापुढे कोण बसलंय?

गंजाडकडच्या बांबूचा मी. पहिला हंगाम कोंडा उडवण्यात गेला, मग हाल्या भगताने मला उचललं. तेव्हापासून माझं काम एकच, दाणे पाहायचे. कुणाचं पोर तापलं, बकरी हरवली, सून माहेरी जाऊन बसली, की माणसं हाल्याच्या ओट्यावर हजर. पेरणी त्याला विचारून. पावसाळ्यातली पहिली रानभाजीसुद्धा त्याने देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नसे.

हाल्या चिमूटभर तांदूळ माझ्यात टाकायचा आणि बोटाने जोड्या लावायचा. सगळे जोडीने सुटले तर पितर रुसलेत. एक दाणा एकटा राहिला तर कुणीतरी करणी केलीय.

आता खरं सांगतो. हाल्या लबाड होता. एकटा दाणा उरला की तो अंगठ्याखाली दाबून टाकायचा. पितरांचं काय, कोंबडा दिला की खूश. पण माणसावर बोट गेलं की पाडा पेटतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भांडलेल्या भावांना सांगायचा, "तुमचा बाप उपाशी हाय. एका ताटात जेवा." तापलेल्या पोराच्या आईला सांगायचा, "सरकारी गोळ्या सात दिवस दे, आठव्या दिवशी कोंबडा आण." आठव्या दिवशी पोर अंगणात खेळायचं आणि कोंबडा हाल्याच्या पोटात जायचा. शिकलेल्यांनी याला काय म्हणायचं ते म्हणावं. कोंबड्याचं सोडलं तर कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही.

सुपाला वर्षातून एकदा शेणाने लिंपावं लागतं, नाहीतर विणीत फटी पडतात. ते काम नवशीचं. हाल्याच्या शेजारची विधवा, त्याला दादा म्हणायची. लिंपताना माझ्याशी बोलायची, "थांब रे म्हाताऱ्या, गुदगुल्या होतात काय?" एकदा माझा काठ उसवला, तर तिने आपल्या लुगड्याची लाल चिंधी गुंडाळून शिवला. माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

तीन वर्षांमागे पाड्यातल्या प्रविणची लेक निलम तापाने फणफणली. आदल्या आठवड्यात नवशीने तिला कडेवर घेऊन म्हटलं होतं, "काय गुबगुबीत पोर हाय!" एवढं पुरलं. नवशीची नजर लागली, ती भुताळी, करणी करणारी बाई, अशी कुजबुज सुरू झाली. विहिरीवर बाया तिच्यापासून घागर लांब धरू लागल्या. हाल्याची सून रूपी तर शेणाचे हात घेऊन आलेल्या नवशीला दारातच म्हणाली, "राहू दे आत्या. सुपाला हात नको लावू." नवशी हात धुऊन निघून गेली. रूपीनेही मला लिंपलं नाही. मी कोरडाच राहिलो.

दोन दिवसांनी, भर दुपारी, प्रविण पोरीला खांद्यावर टाकून आला. मागे अर्धा पाडा. त्याचा भाऊ मिथुन मोबाईल धरून पुढे. "बाबा, हात उघडा ठेवा. सगळं शूट करतोय."

म्हणजे अंगठ्याची वाट बंद. पण हाल्या काय कमी! घरात जाऊन मोजून बारा दाणे मुठीत घेऊन आला. सहा जोड्या, पितरांचा कोंबडा, पोर दवाखान्यात, विषय संपला.

त्याने दाणे टाकले. अकरा समोर पडले. बारावा घरंगळत लाल चिंधीपाशी गेला आणि माझ्या फटीत शिरला. मला कळलं. मी ओरडलो असतो, पण सुपाला कुणी तोंड दिलंय?

पाच जोड्या. एक एकटा.

नवशी तिच्या दारातून धावत आली. "दादा, परत टाक. एकदा परत टाक ना."

हाल्याने टाकायला पाहिजे होते. पण बारा मोजलेले त्यालाच ठाऊक होते, आणि समोर अकरा! सगळा जन्म स्वतः दाणे फिरवले, त्यांच्यावर कधी भरवसा ठेवला नाही. त्या दुपारी पहिल्यांदा ठेवला. नवशीकडे बघत तो ओट्यावरून मागे सरकला आणि पुटपुटला, "दाणा खोटा बोलत नाय."

"नाव सांगा बाबा," कुणीतरी म्हणालं.

"नाव कशाला पायजे?" प्रविण म्हणाला.

संध्याकाळपर्यंत नवशीच्या झोपडीचा कूड मोडला होता. ती एका गाठोड्यानिशी गेली. इकडे प्रविणच्या बायकोने, सुषमाने, कुणाला न विचारता पोरीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला. आठवड्यात पोर खेळायला लागली. पाडा काय म्हणाला? भुताळी गेली म्हणून पोर वाचली! माणसांच्या अकलेला फटी असतात, त्या कुठल्या शेणाने लिंपायच्या?

हाल्याने पुन्हा दाणे टाकले नाहीत. वर्षभरात तो गेला, आणि जाईपर्यंत तिच्या मोडक्या झोपडीकडे पाठ करून जेवला. रूपीने मला मसोलीच्या प्रल्हाद गुरुजींना देऊन टाकलं. गुरुजींनी माझ्यावर नाचणारी पांढरी माणसं काढली, वरून वॉर्निश मारलं आणि टीव्हीच्या वर टांगलं. बारावा दाणा आतच चिकटून राहिला.

परवा दारात सुकी मासळीवाली आली. धाकट्या डहाणूच्या एका कोळणीकडे कामाला आहे म्हणाली. गुरुजींच्या अहिल्याबाई बोंबील निवडत होत्या. म्हातारीची नजर माझ्यावर गेली आणि लाल चिंधीवर थांबली.

"हे सूप..."

"खऱ्या भगताचं आहे मावशी!" अहिल्याबाई कौतुकाने म्हणाल्या. "तुमच्यात असतात ना?"

नवशी उंबऱ्यात उभी राहिली. "बाई, एकदा हात लावू?"

"नको हो, हाताला मासळीचा वास आहे. लागेल त्याला."

नवशीने हात लुगड्याला पुसले, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.

वाचणाऱ्यांनो, कधी मसोलीला आलात तर माझी चित्रं बघत बसू नका. लाल चिंधीपाशी नखाने खरवडा. एक दाणा निघेल. तो धाकट्या डहाणूला नेऊन तिच्या हातावर ठेवा. पण त्याआधी तो पाड्यात न्या, प्रविणला दाखवा, आणि त्याच्यासमोर मोठ्याने बारापर्यंत मोजा.