मी खाडीची चार मीटर माती

मी माती बोलतेय. थांबा, लगेच शेत, नांगर आणि डोलणारी कणसं डोळ्यांसमोर आणू नका. ती माझी लांबची बहीण. मी खाडीच्या दलदलीतली माती. शिकलेली माणसं मला पीट म्हणतात. चिखल म्हणायचं असेल तर मात्र इथूनच उठा. चिखल पाऊस पडला की होतो आणि ऊन पडलं की संपतो. मला व्हायला चार हजार वर्षं लागली आहेत.

सध्या माझा मुक्काम एका प्रयोगशाळेत, थंड कपाटाच्या तिसऱ्या फळीवर आहे. म्हणजे सगळी मी नव्हे. मी अजूनही खाडीकाठी मैलभर पसरलेली आहे. इथे आहे तो माझा वरपासून तळापर्यंतचा एक उभा नमुना, अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या आठ तुकड्यांत, आठ पन्हळींत निजवलेला. थोरामोठ्यांची तसबीर भिंतीवर लावतात ना, तसंच समजा.

माझा जन्म कसा झाला ते सांगते. समुद्राचं खारं पाणी आणि नदीचं गोडं पाणी एकमेकांत मिसळलं की पाणी मचूळ होतं, धड खारं नाही, धड गोडं नाही. अशा पाण्यात लव्हाळ्याचं एक बेट उगवलं. जुने लव्हाळे आडवे पडायचे, खालची मुळं मरायची, वर नवी फुटायची. दुसरीकडे असती तर ती मुळं कुजून कधीच संपली असती. पण इथे दिवसातून दोनदा भरती यायची आणि मला भिजवून जायची. पाण्याखाली हवा नाही, आणि हवा नाही तिथे कुजणंही अर्धवट. त्या न कुजलेल्या मुळांची मी झाले.

वर्षाला नखाच्या जाडीइतकी मी वाढले. समुद्र वर चढला, तशी मीही चढले. चार हजार वर्षांत एकदाही त्याला मला कायमचं बुडवता आलं नाही. असं सांगू शकणारं दुसरं कोणी असेल तर त्याने पुढे यावं.

माणसं माझ्याकडे यायची ती नाक दाबून. माझ्या पोटातल्या गंधकाला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, हे मी नाकबूल करत नाही. पण वादळी लाटा गावावर धावून यायच्या, तेव्हा त्यांना आधी मला ओलांडावं लागायचं. माझ्या लव्हाळ्यांतून जाता जाता त्यांचा निम्मा जोर संपायचा. गावातली माणसं दुसऱ्या दिवशी म्हणायची, "यंदाचं वादळ काही एवढं मोठं नव्हतं." माझं नाव कुणी घ्यायचं नाही. मीही मनाला लावून घेतलं नाही. मोठ्यांनी अशा गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नसतात.

पुढे गावात जागा पुरेना. बंदरावर काम करणाऱ्यांसाठी माझ्यावर घरं बांधायचं ठरलं. माती तपासायला एक साहेब होडीतून आले. त्यांच्या विजारीची घडी कधी मोडायची नाही, म्हणून कार्यालयात त्यांना सगळे इस्त्रीसाहेब म्हणत. होडी जिथे लागली तिथेच ते काठावर उतरले.

आता खाडीचा काठ म्हणजे मी नव्हे. भरतीचं पाणी काठ ओलांडताना हातातला जड गाळ आधी तिथेच टाकून देतं, म्हणून काठ उंच आणि टणक असतो. साहेबांनी तिथे बारा भोकं पाडली. बाराही एका रांगेत, होडीपासून हाकेच्या अंतरावर. आत माझ्याकडे यायचं तर बूट भरले असते. "घट्ट चिकणमाती, बांधकामास योग्य," असं लिहून ते मोकळे झाले. शेजारणीची नाडी बघितली आणि औषध मला दिलं!

मग माझ्यावर खुंट्या ठोकून घरांचे चौकोन आखले गेले. फळ्या टाकून वाट केली गेली. घर मिळणाऱ्यांच्या यादीत ज्यांची नावं होती ती माणसं सुट्टीच्या दिवशी आपापला चौकोन बघायला यायची. त्यांत एक जाळी सांधणारी मावशी होती. बर्फाच्या कारखान्यावरच्या एका खोलीत ती एकटी राहायची. तिथली फरशी बाराही महिने गार. दिवसभर मांडीवर जाळं घेऊन त्या फरशीवर बसून तिचे गुडघे धरले होते. आपल्या चौकोनात तिने जाळ्याच्या लाल दोऱ्याने आणखी एक लहान चौकोन आखला होता.

"हे माझं स्वयंपाकघर," ती बरोबरच्या भाचीला सांगायची. "सकाळचं ऊन सरळ इथे येणार. मी इथे पाय पसरून बसणार आणि तू मला चहा करून देणार."

"मी का म्हणून?"

"मग काय माझे गुडघे करतील?"

आई लवकर गेली, तेव्हापासून या भाचीला मावशीनेच त्या एका खोलीत वाढवलं होतं. भाची आता मातीच तपासायची, इस्त्रीसाहेबांच्याच कार्यालयात. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून फिरायची म्हणून तिचं नाव गमबूट पडलं होतं. पण हे काम तिच्याकडे नव्हतं, आणि कागदावर शिक्का पडलेला होता. तीही फळीवर उभी राहूनच मावशीचं स्वयंपाकघर बघायची.

दोन महिन्यांत खुंट्या कलल्या. मुकादमाची पत्र्याची खोली एका अंगाला झुकली, आणि एकदा उघडलेलं दार परत लागेना. मुकादम म्हणाला, "सुताराने चौकट चुकवली." सुतार म्हणाला, "माझी चौकट सरळ आहे, तुमची जमीनच वाकडी आहे." भांडण कार्यालयापर्यंत गेलं, आणि ते मिटवायला वरच्या साहेबांनी गमबूटला पाठवलं.

ती आली आणि पहिल्यांदाच फळीवरून खाली उतरली. गुडघ्यापर्यंत आत गेली. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत कोणीतरी नीट भेटायला आलं होतं.

तिने माझा एक गोळा मुठीत घेऊन पिळला. चिकणमाती बोटांतून लोण्यासारखी बाहेर येते. माझ्यातून आलं ते तपकिरी पाणी, आणि मुठीत राहिली नुसती मुळं. मग तिने लोखंडी सळई माझ्यात रोवली. जोर लावायची गरजच पडली नाही. एक मीटर, दोन मीटर, तीन. तिने जागा बदलली. तिथेही तेच. पाच ठिकाणी बघून झालं, तशी ती लाल दोऱ्यापाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ सळई नुसती हातात धरून होती.

"इथे तरी घट्ट लाग गं," ती हळूच म्हणाली.

ती माझ्याशीच बोलत होती. आजवर कुणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पण मला खोटं बोलता येत नाही. सळई चार मीटर आत गेली, तेव्हा कुठे खाली टणक तळ लागला. तिने बाहीने नाक पुसलं आणि माझा नमुना तिथूनच काढला, मावशीच्या स्वयंपाकघरातून.

कार्यालयात वरच्या साहेबांनी मला पन्हळीत बघून तोंड वाकडं केलं.

"चिखलमिश्रित माती लिही. वर दोन मीटर भराव टाकू. आपोआप बसेल."

"बसेल ना, साहेब. घरांसकट बसेल."

"इस्त्रीसाहेबांचा कागद आहे. त्या कागदावर विश्वास ठेवू, की तुझ्या मुठीवर?"

"मुठीवर नका ठेवू," गमबूट म्हणाली. "जाळून बघू या."

मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये, असं म्हणतात. साहेबांना ते त्या दिवशी कळलं.

जाळून बघणं ही माझी खरी परीक्षा. आधी मला वाळवलं. मग चिनीमातीच्या छोट्या वाटीत घालून काट्यावर तोललं आणि भट्टीत ठेवलं. भरतीने आणलेली रेती आणि गाळ जळत नाही, तो राख होऊन उरतो. जळतं ते लव्हाळ्यांनी दिलेलं. कार्यालयाच्या नियमाप्रमाणे शंभरातले तीस भाग जळाले तरी माझ्यावर घर बांधायला मनाई होती.

माझे अडुसष्ट जळाले. साहेब म्हणाले, काटा बिघडला असेल. दुसऱ्या वाटीत एकाहत्तर जळाले, तिसरीत एकोणसत्तर. चिमूटभर करडी राख तळाशी उरली. तिच्याकडे बघून साहेबांनी इस्त्रीसाहेबांचा कागद बाजूला सारला. सगळ्यांची किंमत उरलेल्यावरून ठरते, माझी मात्र जे उरलं नाही त्यावरून ठरली. त्या दिवशी मला स्वतःचा जो अभिमान वाटला, तसा समुद्रापुढेही कधी वाटला नव्हता.

गमबूटने अहवाल लिहिला. सही करताना तिचं पेन जरा अडखळलं. मी समोरच होते. पुढे काय होणार ते तिला ठाऊक होतं. घरं आता वरच्या खडकाळ उतारावर जाणार होती, आणि तिथे निम्मीच मावणार होती. मुलाबाळांची कुटुंबं आधी, एकटी माणसं मागाहून. मागाहून म्हणजे किती वर्षांनी, ते कुणीच सांगत नव्हतं. तरी तिने सही केली. संध्याकाळी जाऊन मावशीला स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

मावशी तिच्याशी बारा दिवस बोलली नाही. तेराव्या दिवशी भर दुपारी ती जिने चढून प्रयोगशाळेत आली. दारातच दम खात उभी राहिली.

"कुठे आहे ती? जिने माझं घर खाल्लं ती?"

गमबूटने कपाट उघडलं आणि आठही पन्हळी टेबलावर ओळीने मांडल्या. मावशीने त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने मोजल्या.

"एवढं खोल?"

"हो."

"आणि घर?"

"आधी भिंतींना तडे गेले असते. मग जमीन कलली असती. आठ-दहा वर्षांत उंबरा पाण्याखाली."

त्या क्षणी, खरं सांगते, माझा अभिमान गळून पडला. मला पहिल्यांदाच वाटलं, आपण खडक असतो तर बरं झालं असतं. फक्त तेवढ्या लाल दोऱ्याखाली तरी.

मावशीने सहाव्या पन्हळीतल्या तुकड्यात अंगठा खुपसला आणि एक मूळ ओढलं. ते येईना. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग चाळीस वर्षं जाळी सांधलेल्या बोटांनी ती मला उसवू लागली. एक धागा या बाजूने, एक त्या बाजूने, जाळं तपासावं तशी. गमबूट काही बोलणार होती, पण मावशीने तिला हाताने थांबवलं.

"गाठ एकसुद्धा नाही," मावशी म्हणाली. "आणि तरी सुटत नाही. कुणी विणलंय गं हे?"

"लव्हाळ्यांनी."

"किती दिवस?"

"हा तुकडा जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे."

मावशीने मला जिथून उसवलं होतं तिथे बोटांनी परत दाबून बसवलं. मग खुर्चीवर टेकली आणि गुडघे चोळत राहिली. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा होता.

"मला आधी का नाही दाखवलंस? बारा दिवस उगाच तुला शिव्या घातल्या मनातल्या मनात. अगं, जाळ्यावर कुणी घर बांधतं का?"

गमबूट टेबलावर डोकं ठेवून रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि तिच्या बोटांना लागलेली मी गमबूटच्या पांढऱ्या कोटावर उमटत होते. कुणी नाक दाबलं नाही.

मावशी अजून बर्फाच्या कारखान्यावरच राहते. यादीत तिचं नाव कितवं आहे, ते गमबूट दर महिन्याला विचारून येते. मी इथे फळीवर आहे. वाळू नये म्हणून ती माझ्यावर पाणी शिंपडते, कागद गुंडाळते. परवा एक नवा मदतनीस आला. माझा सहावा तुकडा बघून म्हणाला, "इथे खड्डा पडलाय, सारखा करू का?"

तुम्ही कधी या प्रयोगशाळेत आलात, तर माझं एवढंच मागणं आहे. बाकी मला हवं तेवढं कापा, तोला, जाळा. मी पुरून उरेन. पण सहाव्या पन्हळीतला तो खड्डा कुणी बुजवू नका. तो तिच्या अंगठ्याचा आहे. तिचं घर मला पेलता आलं नाही. तिचा अंगठा तरी मला सांभाळू द्या.