रोल संपल्यावर काढलेला फोटो

मित्रांनो, मी कॅमेरा. जुना म्हणा, भंगार म्हणा, आता मला फरक पडत नाही. माझं चामडं एका कोपऱ्यात सुटलंय, आतल्या आरशावर बुरशी चढलीय आणि गदगच्या एका कपाटात औषधांच्या रिकाम्या खोक्यांमागे मी पडून आहे. पण माझी कीव करू नका. मला राग आलाय, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या स्प्रिंगा गप्प बसायच्या नाहीत.

माझा जन्म जर्मनीतला. तिथल्या बायका डोळ्याला भिंग लावून माझा एकेक स्क्रू तपासायच्या. तिथून फिरत फिरत मी हुबळीला एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे आलो. बारा वर्षं नवरदेव, नवऱ्या, रुसलेल्या आत्या आणि पंगतीत तोंड भरलेले पाहुणे टिपले. लोक त्याला हलकं काम म्हणतात. म्हणोत. त्या हलक्या कामातला प्रत्येक फोटो कुणाच्या तरी घरी पोचायचा आणि भिंतीवर चढायचा. पुढे त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि मला गुरुसिद्दप्पा बेटगेरींना विकून टाकलं.

बेटगेरींचं गदगला औषधांचं दुकान. माणूस वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाहीत. सोमवार ते शनिवार गोळ्या मोजायच्या आणि रविवारी दुकान बंद करून मला गळ्यात अडकवायचं. त्यांना कलाकार व्हायचं होतं. शहरातल्या पाच-सात हौशी लोकांचं एक मंडळ होतं, तिथं शनिवारी संध्याकाळी मिरची-भजी खात प्रेरणेवर चर्चा चाले. मी टेबलावर पडून ऐकत असे. गेल्या वर्षी ज्याला पदक मिळालं त्याच्यासारखाच फोटो यंदा आपण काढायचा, एवढाच त्या प्रेरणेचा अर्थ होता. त्या काळात पदकं कशाला मिळत? सूर्य मागे हवा, माणूस पुढे हवा आणि माणूस काळा ठिक्कर हवा. नाक-डोळे दिसले की परीक्षक म्हणणार, हा तर नुसता फोटो झाला.

घरी त्यांची बायको नीलक्का या छंदाला वैतागलेली. रविवारी रात्री बेटगेरी न्हाणीघरात काळोख करून फोटो धूत बसायचे आणि बाकीचं घर आंघोळीवाचून तिष्ठायचं. नीलक्का दाराबाहेरून म्हणायची, "बादलीत नदी धुऊन झाली असेल तर माणसांना पाणी मिळेल का?"

तर ही नदी म्हणजे तुंगभद्रा. तिथं द्यामप्पा अंबिगेर आणि त्यांची बायको होळेव्वा राहायचे. बांबूची मोठी गोल टोपली असते तशी त्यांची नाव. तिला तिकडे हरिगोल म्हणतात. द्यामप्पांनी त्या टोपलीतून चाळीस वर्षं मासे धरले आणि माणसं पैलतीराला पोचवली. बेटगेरींना ते पहिल्याच रविवारी आवडले. म्हणजे त्यांची पाठ आवडली. पाठ रुंद, खांदे सरळ, जाळं फेकताना हात असे पसरायचे की मंडळातल्या कुणालाही हेवा वाटावा.

मग सुरू झाला छळ. मासे होते पलीकडच्या वळणात, सूर्य उगवायचा अलीकडच्या उथळ पाण्यावर. म्हणून द्यामप्पांनी अलीकडे जाळं फेकायचं. सदरा काढायचा, मळका पटका बांधायचा. एकदा फेकलं, दोनदा फेकलं, चौदाव्यांदा फेकलं. बेटगेरी काठावर चिखलात पोट टेकून ओरडायचे, जरा उशिरा सोडा, जरा वर. होळेव्वा दगडावर बसून ज्वारीची रोट्टी खात हे सगळं बघायची. एकदा ती धाकट्या भावाला हाक मारावी तशी म्हणाली, "तम्मा, त्या पाण्यात बेडूक पण नाही. माझा नवरा काय धरतोय?"

बेटगेरी म्हणाले, "अव्वा, प्रकाश धरतोय."

"मग आज कालवणात तोच घालते," ती म्हणाली आणि उरलेली रोट्टी फडक्यात बांधली.

असे बावीस रविवार मी त्या पाठीचे फोटो काढले. एकाला बेंगळुरूच्या प्रदर्शनात पदक मिळालं. पेढे वाटले गेले. मंडळात बेटगेरींना हार घातला. मला पण एक नवा पट्टा मिळाला. द्यामप्पांना काय मिळालं ते विचारू नका. त्यांना पदकाचं कळवायचं राहूनच गेलं.

त्यांनी स्वतःहून कधी काही मागितलं नाही. एकदाच मागितलं. मार्गशीर्षातला तो रविवार होता. सकाळचं जाळंफेक नाटक उरकल्यावर ते हात पुसत आले आणि लाजत म्हणाले की आमचा दोघांचा एक फोटो काढाल का, खुर्चीवर बसून, लग्नातही काढला नव्हता. बेटगेरी हो म्हणाले. मग होळेव्वा धावत गेली आणि शाळामास्तरांच्या घरून दोन लाकडी खुर्च्या एकावर एक ठेवून डोक्यावरून घेऊन आली. द्यामप्पांनी घोटून दाढी केली, हनुवटीवर थोडं कापून घेतलं. घडी न मोडलेला पांढरा सदरा घातला, पार गळ्यापर्यंतची गुंडी लावली. होळेव्वानं हिरवं इरकल नेसलं. दोघं बसले. हात गुडघ्यांवर, नजर थेट माझ्यात.

मित्रांनो, माझ्यातला रोल तेव्हा संपला होता. छत्तीसच्या छत्तीस फोटो त्या पाठीवर खर्च झाले होते. बेटगेरींच्या पिशवीत एक कोरा रोल होता, पण तो संध्याकाळच्या सूर्यासाठी राखून ठेवलेला. खुर्चीत ताठ बसलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या फोटोला कोणतं पदक मिळणार? त्यांनी माझी चक्री फिरवून भरलेला रोल गुंडाळला, डबी काढून खिशात टाकली, माझी पाठ बंद केली आणि मला, रिकाम्या मला, डोळ्याला लावून म्हणाले, "हसा जरा."

खटक्.

हौशी लोकांत ही खोड सर्रास होती. खेड्यात पोरं मागे लागली, म्हातारी माणसं अडून बसली की असाच खोटा खटका दाबायचा. रोल वाचतो, समोरचाही खूश. खूश होतात हो लोक! द्यामप्पा इतके खूश झाले की त्यांनी बेटगेरींना एक मोठा मासा पानात गुंडाळून दिला. पुढच्या रविवारी फोटो आणतो, असं सांगून बेटगेरींनी तो मासा पिशवीत टाकला.

तो खटका मला अजून सलतो. त्या क्षणी पडदा उघडला तेव्हा द्यामप्पा माझ्या आत आले होते. सबंध. कापलेल्या हनुवटीसकट, वरच्या गुंडीसकट. आले आणि मागच्या काळ्या पत्र्यावर आपटून विरून गेले. धरून ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी ओरडू शकत नाही, नाहीतर त्या काठावर असा ओरडलो असतो की मासे उडाले असते.

पुढच्या रविवारी बेटगेरी नदीवर गेलेच नाहीत. लक्कुंडीच्या देवळांवर त्यांना अचानक प्रेरणा आली. त्याच्या पुढच्या रविवारी डंबळचं तळं. मग कप्पतगुड्डचा डोंगर. होळेव्वानं दोनदा एसटीच्या कंडक्टरकडून निरोप धाडला. एकदा बेटगेरी म्हणाले, काम चालू आहे. दुसऱ्यांदा दुकानात गर्दी असल्याचं नाटक केलं.

उन्हाळ्यात एक दिवस होळेव्वा स्वतः दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. मी गल्ल्याशेजारी होतो. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. द्यामप्पा चार दिवसांच्या तापात गेले होते आणि अकराव्या दिवसाला लोक येणार होते. फोटो ठेवायचा, हार घालायचा, एवढं तिला करायचं होतं.  बेटगेरी आत गेले आणि पदकाचा फोटो चौकटीसकट घेऊन आले. चांगला दोन हात लांब. सोन्यासारखं पाणी, वर पसरलेलं जाळं आणि मधे काळी आकृती.

होळेव्वानं तो बराच वेळ बघितला. मग पदरानं काच पुसली, जणू घाण काचेवर आहे.

"हा कोण?"

"द्यामप्पा, अव्वा."

"ही पाठ आहे," ती म्हणाली. "पाठ मला पण ओळखू येते, चाळीस वर्षं तिच्यामागे बसलेय टोपलीत. पण तम्मा, पाठीला हार कसा घालायचा?"

बेटगेरी पुटपुटले की खुर्चीवरचा फोटो होता, पण रोल खराब झाला, धुताना औषध जास्त पडलं. नीलक्का दारात उभी राहून ऐकत होती. मी वाट बघत होतो की हा माणूस आता तरी खरं बोलेल. नाही बोलला. बोलली ती होळेव्वा, आणि आवाज न चढवता बोलली.

"दर वेळी खटक् झालं की तू अंगठ्यानं दांडी ओढायचास. दिवस संपला की वरची चक्री फिरवून डबी काढायचास. त्या दिवशी तू आधी चक्री फिरवलीस, डबी खिशात घातलीस आणि मग आम्हाला हसायला सांगितलंस. जाळं न टाकता ओढणारा माणूस मला कळतो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" हे नीलक्कानं विचारलं.

"हे खुशीत होते. खुर्च्या परत करायला जाताना वाटेत भेटेल त्याला सांगत होते, आमचा फोटो निघाला. कसं बोलू? आणि म्हटलं, आपण अडाणी, आपलंच बघण्यात काही चुकलं असेल. तेवढंच विचारायला आले होते."

 नीलक्कानं दुकानातलं स्टूल उचललं, बाहेर उजेडात नेऊन ठेवलं आणि होळेव्वाला म्हणाली की अक्का, तुमचा तरी काढून घ्या. होळेव्वा बसली. बेटगेरींनी मला उचललं.

"थांब," ती म्हणाली. "आधी डबा उघडून दाखव."

माझ्यात तेव्हा रोल होता. त्यावर कप्पतगुड्डचे तीस फोटो होते, पुढच्या स्पर्धेसाठीचे. पाठ उघडली की उजेड आत जाणार आणि सगळं जळणार, हे बेटगेरींना माहीत होतं, मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. तसं सांगून ते सुटू शकत होते आणि या वेळी ते खरंही असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि भर दुपारी माझी पाठ उघडली. तीस सूर्य एका क्षणात मेले. मला काडीचं वाईट वाटलं नाही.

मग त्यांनी तिच्यासमोर कोरा रोल भरला, माझे दात रोलच्या भोकांत नीट बसलेत हे तिला दाखवलं आणि समोरून एक फोटो काढला. नाक-डोळे सगळं दिसणारा. तिनं पदकाची चौकट उचलून त्यांच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "ही तू ठेव." होळेव्वाचा तो फोटो घेऊन बेटगेरी दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, दुकान बंद करून नदीवर गेले. अकराव्याला होळेव्वानं द्यामप्पांच्या नावानं नुसता पाट मांडला. त्यावर पांढरा सदरा घडी करून ठेवला आणि हार सदऱ्याला घातला. हे त्या दिवशी तिथं जाऊन आलेल्या बेटगेरींनीच घरी सांगितलं आणि मला कपाटात ठेवून दिलं.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू विनवण्या करतो. मला पुसा, मला जपा. मला नका पुसू. बुरशीचं आणि माझं बरं चाललंय. तुमच्या हातात आता रोल नसलेले कॅमेरे आहेत, संपण्याची भीती नाही. तरी तुम्ही सहलीला जाता, मेंढपाळाला उभं करता, भाजीवालीला हसवता, 'पाठवतो हं' म्हणता आणि गाडीत बसता. नंबर तरी विचारला होतात का? तुमच्यासाठी कुणी सदरा बदलला असेल, गुंडी लावली असेल, तर ते तोंड तुमचं नाही, त्याचं आहे. कागदावर छापून घ्या आणि त्याच्या हातात नेऊन द्या. या आठवड्यात द्या. माणसं थांबत नाहीत.