परभणीहून परभणीला, गंगाखेडमार्गे

बायनाबाईनं कोंडाबाईला अखेर माफ केलं. हे आधीच सांगून टाकलं, चूक झाली. तर असं काही झालेलंच नाही असं समजा. दोघी बहिणी अजून बोलत नाहीत, साल चौऱ्याऐंशी आहे, आणि गंगाखेडच्या टेलिफोन एक्स्चेंजात अंगद ऑपरेटर कानाला हेडफोन लावून सुपारी कातरत बसलाय.

अंगदच्या पुढ्यात भोकांचा बोर्ड होता. ज्या गावचा फोन मागितला त्या गावाच्या भोकात दोरीची पिन खुपसायची, एवढंच काम. त्या वर्षी वरून हुकूम आला, की गावांच्या याद्या फार लांबल्यात, आखूड करा. परभणीच्या ऑपरेटर कुसुमबाईंनी अख्खी यादी काढून टाकून एकच ओळ लिहिली: ‘गंगाकाठची सगळी गावं, गंगाखेड.’ अंगदनंही एकच लिहिली: ‘आपल्या बोर्डावर नसेल ते, परभणी.’ हुकमाची इतकी तामील त्याच्या हातून आजवर झाली नव्हती.

मग वादळात पिंपळवाडीचा खांब पडला. वाडीच्या पोष्टातला फोन मुका झाला. नसलेल्या लाइनीचं नाव कशाला ठेवायचं, म्हणून अंगदनं बोर्डावरची वाडीची चिठ्ठी खरवडून काढली.

आणि मंगळवारी कोंडाबाईनं परभणीच्या तारघरातून बहिणीची पिंपळवाडी मागितली.

वाडी गंगाकाठची, म्हणजे गोदावरीकाठची, म्हणून कुसुमबाईंनी फोन गंगाखेडला दिला. अंगदच्या बोर्डावर वाडी नाही, म्हणून त्यानं दुसऱ्या लाइनीवरून तो परभणीला दिला. कुसुमबाईंना गंगाखेडहून फोन आला, पिंपळवाडी पाहिजे. गंगाकाठची. दिला गंगाखेडला. दोघंही कायद्यानं चालत होती. सगळ्या लाइनी भरल्या तेव्हा शेवटचं टोक कुसुमबाईंनी, दुसरी जागाच नव्हती म्हणून, कोंडाबाईच्याच लाइनीत खुपसलं.

कोंडाबाईच्या नातवाच्या बारशाला बायनाबाईला आहेरात हलकं पातळ आलं होतं. ती भरल्या ताटावरून उठून वाडीला गेली, ती गेलीच.

“बायना, मीच चुकले ग,” कोंडाबाई म्हणाली.

तो आवाज गंगाखेडला गेला, परभणीला आला, पुन्हा गेला, आणि फिरून फिरून थकून तिच्याच कानात उतरला: “मीच चुकले ग.”

दोघी बहिणींचा आवाज लहानपणापासून सारखा. कोंडाबाईनं पदर डोळ्याला लावला. “न्हाई ग माय, तू कशाला.”

“तू कशाला.”

“जेवलीस का?”

“जेवलीस का?”

“जेवले की.”

“जेवले की.”

“अंगदभाऊ,” कुसुमबाई हळूच म्हणाल्या, “लाइनी तुंबल्यात. तोडा.”

“तुमीच तोडा की, बाई.”

“मला काळीज न्हाई का?”

कुणीच तोडला नाही. मग दर मंगळवारी हेच चाललं. दोन्ही गावांत तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला हॅलो म्हणायची सोय नसायची. एका मंगळवारी गंगाखेडात एक बाई अडली, परभणीहून गाडी मागवायला लाइन मिळेना. शेवटी कुणाच्या तरी जीपमध्ये घालून नेली, ती वाटेतच बाळंत झाली. दोघं सुखरूप होती, पण अंगदला त्या दिवशी सुपारी गोड लागली नाही.

“गंगाकाठ तुमचा, म्हणून मी सगळं तुमच्याकडं टाकते,” कुसुमबाई म्हणाल्या. “त्यातलं एखादं हरवलं तर तुमच्याच दारात हरवू द्या. माझ्याकडं परत नका लावू.”

अंगदनं वाडीची चिठ्ठी पुन्हा चिकटवली. भोक होतं, पुढं तार नव्हती. खाली लिहिलं: ‘इथंच थांबवा. लाइन बंद सांगा.’ गोल गोल फिरणं त्या एका चिठ्ठीनं संपलं. पण आता मंगळवारी कोंडाबाईला लाइन बंद सांगावं लागणार होतं. आणि इतके दिवस तुमी तुमच्याशीच बोलायलात, हे सांगायची तर दोघांचीही छाती नव्हती.

सोमवारी अंगद सायकल काढून वाडीला गेला. बायनाबाई शेळ्यांना पाला टाकत होती.

“मावशी, चला. परभणीची बहीण रडायलीय फोनवर.”

“रडू दे.”

“ती म्हणती, तुमीच चूक कबूल केली.”

बायनाबाईच्या हातातला पाला खाली पडला. “मी? कवा?”

तेवढं पुरलं. मंगळवारी एक्स्चेंज उघडायच्या आधीच ती पायरीवर बसलेली होती. बाहेरच्या माणसाला आत घेणं नियमात नव्हतं. अंगदनं तिला आपल्याच खुर्चीत बसवलं आणि डोक्यावरच्या पदरावरून हेडफोन चढवला.

“बायना, मीच चुकले ग,” परभणीहून आवाज आला.

“तूच चुकलीस. मी कशाला चुकू?”

मग कोंडाबाई म्हणाली, “कुसुमबाई, ही कोन बोलायलीय? माझी बहीण लय गोड बोलती.”

“गोड? मी जन्मात कवा गोड बोलले का?”

“बायना? तूच हाईस का ग?”

“मग कोन आसंल? आन् ते पातळ नेसायच्या लायकीचं न्हाई, सांगून ठेवते. वाकळ शिवली त्याची.” बायनाबाईचा आवाज खाली आला. “पोरं भांडत्यात तिच्यासाठी. ऊब लय हाय तिला.”

तिकडून हुंदका आला. बायनाबाईनं दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरला, कुणी ओढून नेईल असा. “रडू नको. सकाळधरनं जेवले न्हाई मी, तुझ्यापायी.”

कुसुमबाई ऐकत होत्या, अंगद ऐकत होता. कुणीही ऐकणं नियमात नव्हतं.

खांबासाठी अंगदनं पूर्वीच अर्ज केला होता. उत्तर आलं होतं, की पिंपळवाडीचा फोन कागदोपत्री चालू असल्यानं दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणून बायनाबाईला बसमध्ये बसवून आल्यावर त्यानं नवा अर्ज लिहायला घेतला:

‘तरी विनंती की, सदर गावची तार पूर्ववत होईपर्यंत श्रीमती बायनाबाई यांसच पिंपळवाडीची लाइन समजण्यात यावे, दर मंगळवारी त्यांचेकरिता गंगाखेड एक्स्चेंजात एक खुर्ची मंजूर व्हावी, आणि त्या रागावलेल्या असल्यास तो तांत्रिक बिघाड धरण्यात येऊ नये.’